गाडी धावताना गार, थांबली की गरम: एसीचं दुखणं शोधायचं कुठे?

पहिला गिअर (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, गोल बटणं फिरवायचा साधा एसी. गेले दोन महिने मोकळ्या रस्त्यावर गाडी पन्नास-साठच्या पुढे असली की बऱ्यापैकी गार हवा येते. सिग्नलला थांबलो की दोन मिनिटांत हवा कोमट होते, आणि गर्दीत अडकलो तर काचा खाली घेण्यावाचून इलाज नसतो. मागे आई बसलेली असते. तिला उकाडा अजिबात सोसत नाही, त्यामुळे लवकर सोक्षमोक्ष लावायचा आहे.

एसीवाल्याकडे दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा "गॅस कमी आहे" म्हणून गॅस भरून दिला. पहिल्या वेळी दोन-चार दिवस बरं वाटलं, पण ते दिवस ढगाळही होते. दुसऱ्यांदा भरल्यावर तर आधीपेक्षा वाईट. इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र कायम मध्यावर, कधी वर गेलेला नाही. आता कॉम्प्रेसरच (गॅस दाबून फिरवणारा पंप) बदलायला सांगतोय. एवढ्या मोठ्या खर्चाला हात घालण्याआधी घरी काय काय तपासता येईल?

निळी छत्री (सोमवार, रात्री १०.०५)

आधी केबिन फिल्टर काढून बघा. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो, दोन खटके दाबले की बाहेर येतो. आणि एसी लावताना बाहेरची हवा घ्यायचं बटण बंद आहे ना, तेही पाहा. हवा आतल्या आत फिरत असेल तर आधीच गार झालेली हवा पुन्हा गार होते, एसीवरचा भार खूप उतरतो.

हेडलाइट (सोमवार, रात्री १०.३०)

माझ्या गाडीला दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गॅस भरावाच लागतो. गॅस उडतोच हो, त्यात काय विशेष. तुमचा कॉम्प्रेसर थकला असणार, नऊ वर्षं म्हणजे कमी नाहीत.

जुना पाना (मंगळवार, सकाळी ६.५०)

मी तीस वर्षं गाड्यांच्या एसीचंच काम केलं, आता मुलगा बघतो. जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा हेडलाइट यांच्या मुद्द्याबद्दल. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून वर्षानुवर्षं फिरतो. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून तो अगदी थोडा झिरपतो, हे खरं. पण किती? युरोपीय संघाने २००६ साली जो नियम केला, त्यात एकच कूलिंग कॉइल असलेल्या गाडीला वर्षाला ४० ग्रॅमच्या वर गळती चालत नाही असं ठरवलं. साधारण गाडीत ४०० ते ७०० ग्रॅम गॅस बसतो. म्हणजे धडधाकट गाडी चार-पाच वर्षं सहज निघते. दरवर्षी भरावा लागत असेल तर तुमच्या गाडीत कुठेतरी भोक आहे. ते शोधा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

आता पहिला गिअर यांची गाडी. तुम्ही स्वतःच अर्धं निदान लिहून ठेवलं आहे: "धावताना गार, थांबली की गरम." एसी म्हणजे आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकणारा हमाल. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते, तिथे गॅस उकळतो आणि हवेतली उष्णता शोषतो. रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर असतो, तिथे तीच उष्णता बाहेरच्या हवेला देऊन गॅस पुन्हा द्रवरूप होतो. गाडी धावत असते तेव्हा समोरून येणारा वाराच कंडेन्सर गार करतो. गाडी थांबली की ते काम फॅनचं. फॅन फिरला नाही तर उष्णता टाकायला जागाच उरत नाही, गॅसचा दाब चढत जातो आणि आतली हवा कोमट होते.

गॅस कमी असेल तर धावतानाही कूलिंग कमी पडतं. कॉम्प्रेसर थकला असेल तर इंजिनाचे फेरे वाढल्यावर थोडं सुधारतं, म्हणून लोक इथे फसतात. पण त्याला वेगळं ओळखायची युक्ती आहे. गाडी उभी ठेवून कोणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून धरायला सांगा, इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण १५०० ते २०००. गार हवा आली तर कॉम्प्रेसरवर संशय घ्या. फेरे वाढवूनही कोमटच राहिली, पण रस्त्यावर वारा लागल्यावर गार झाली, तर दोष कंडेन्सरच्या बाजूला आहे.

दोन गोष्टी करा आणि इथे लिहा.

बॉनेट उघडा, इंजिन चालू करा, एसी पूर्ण थंडवर ठेवा. कॉम्प्रेसरच्या पुलीकडे पाहा. पुली कायम फिरतेच, तिच्या पुढची चकती एसी लावल्यावर "टक्" करून पुलीला चिकटते आणि सोबत फिरू लागते. (काही नव्या कॉम्प्रेसरना असा क्लच नसतोच, तिथे टक् ऐकू आलं नाही म्हणून घाबरू नका.) मग फॅन बघा. एसी लावल्यावर थोड्याच वेळात तो फिरायला हवा, इंजिन तापायची वाट न बघता. हात, ओढणी, बाही, काहीही पट्ट्याजवळ किंवा फॅनजवळ नेऊ नका. थांबलेला फॅनही कधी अचानक सुरू होईल त्याचा नेम नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे साधं तापमापक मधल्या जाळीत खोचून ठेवा. "बरी गार" आणि "कोमट" यावर कोणाचंच एकमत होत नाही, आकडा लागतो.

पहिला गिअर (मंगळवार, रात्री ८.१५)

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. आज कामावरून येताना तापमापक लावलं होतं. बाहेर ३४ अंश. साठच्या वेगाला जाळीत १३ अंश, मोठ्या सिग्नलला थांबलो तर तीन मिनिटांत २४.

घरी येऊन बॉनेट उघडलं. क्लच टक् करून ओढतोय, चकती नीट फिरते. फेरे वाढवून पाहिले, काही फरक नाही. फॅन मात्र फिरला नाही! चांगली सात-आठ मिनिटं उभा राहिलो. मग इंजिन तापल्यावर तो एकदम मोठ्या आवाजात सुरू झाला, मिनिटभर फिरला, थांबला. म्हणजे फॅन चांगला आहे ना? एसीवाल्यानेही हेच म्हटलं होतं, "फॅन चालतोय, काटाही मध्ये आहे."

जुना पाना (मंगळवार, रात्री ९.००)

मोटर चांगली आहे, पण तिचा छोटा वेग गेलाय. अशा बऱ्याच गाड्यांत फॅनला दोन वेग असतात. मोठा वेग थेट बॅटरीच्या ताकदीवर, छोटा एका रेझिस्टरमधून, म्हणजे वीज कमी करणाऱ्या कांडीतून. एसीसाठी छोटा वेग लागतो. रेझिस्टर जळला की छोटा वेग बंद, मोठा शाबूत. मोठा वेग इंजिनाला वाचवत राहतो म्हणून काटा मध्येच असतो, आणि काट्याकडे बघून लोक फॅनला क्लीन चिट देतात. काही गाड्यांत गॅसचा दाब वाढला तरी फॅन मोठ्या वेगात जातो, तुमच्या गाडीत ती सोय नसावी.

खात्री करायची असेल तर उद्या एक प्रयोग करा. गाडी उभी, एसी चालू, हवा कोमट झाली की समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर मगाने किंवा झारीने पाणी हळूहळू ओता. जोराचा पाइप नको, पत्र्याची नाजूक पाती वाकतात. तापमापकावर नजर ठेवा.

सांजवात (मंगळवार, रात्री ९.४०)

वाचतेय आणि माझी अडचणही विचारून घेते, वेगळा धागा काढत नाही. माझ्याकडे उलटं होतं. गावात फिरताना एसी छान. लांबच्या प्रवासात चाळीस-पन्नास मिनिटांनी जाळीतून हवाच येईनाशी होते. ब्लोअरचा आवाज तोच, पण हवा बारीक, जणू कोणी समोर उशी धरली आहे. चहापाण्याला थांबून पुन्हा निघालं की सगळं ठीक. आणि थांबलो तिथे गाडीखाली पाण्याचं मोठं थारोळं असतं.

जुना पाना (मंगळवार, रात्री १०.१०)

ताई, तुमच्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. कॉइल शून्याच्या खाली गेली की हवेतली वाफ तिच्यावर गोठते, पात्यांमधल्या फटी बुजतात, हवेला वाटच राहत नाही. थांबलात की बर्फ वितळतो, तेच ते थारोळं. पुढच्या वेळी हवा बारीक झाली की फक्त एसीचं बटण बंद करा आणि ब्लोअर पूर्ण ठेवा. पाच-दहा मिनिटांत वारा परत आला तर शंकाच नको.

कारणं तीन असू शकतात. फिल्टर चोंदलाय, म्हणून कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही. किंवा कॉइलला टोचलेला तापमानाचा सेन्सर बिघडलाय, त्याचं काम शून्याजवळ पोचल्यावर कॉम्प्रेसर थांबवणं. किंवा गॅस थोडा कमी आहे, कारण कमी गॅसला दाबही कमी मिळतो आणि कॉइलचा पहिला भाग जास्तच गार होतो. याच क्रमाने तपासा. गॅसला सगळ्यात शेवटी हात लावा.

वळणवाट (बुधवार, सकाळी ७.३०)

बाजारात गॅसचा छोटा डबा मिळतो, त्यातच गळती बुजवणारं औषधही असतं. नळीला लावा, दाबा, काम झालं. मी स्वतः वापरलाय, वर्षभर चाललं.

निळी छत्री (बुधवार, सकाळी ८.००)

वळणवाट, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही, पण हे सुचवू नका अशी विनंती. ते औषध हवा किंवा ओलावा लागला की घट्ट होतं. सिस्टिममध्ये ओलावा असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारी झडप) बारीक तोंडाशीच ते बसतं. शिवाय पुढे गॅस काढून घेणाऱ्या मशीनमध्ये ते गेलं तर मशीनही खराब होतं, म्हणून बरेच जण अशी गाडी हातातही घेत नाहीत. आणि डब्यातून किती ग्रॅम गेला ते कोण मोजणार?

जुना पाना (बुधवार, सकाळी ८.४५)

निळी छत्री यांना पूर्ण अनुमोदन. ग्रॅमचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो नीट समजून घ्या.

एसी बंद असताना गेज (दाब मोजायचं यंत्र) लावून "दाब इतका, म्हणजे गॅस इतका" असं सांगता येत नाही. बंद नळ्यांत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला, तरी दाब फक्त तापमानावर ठरतो. गाड्यांच्या एसीतला आर-१३४ए हा गॅस घ्या. बाहेर ३० अंश असेल तर बंद एसीचा दाब ९५ ते १०० पीएसआयच्या आसपास येणार, मग आत २५० ग्रॅम असो की ६०० ग्रॅम. स्वयंपाकाच्या गॅसचं असंच असतं ना, सिलिंडर अर्धा असो की भरलेला, शेगडीची आच तीच. किती उरलाय ते वजनावरूनच कळतं.

एसी चालू असताना मात्र दोन्ही गेज मिळून बरंच बोलतात: निळं कमी दाबाच्या बाजूचं, लाल जास्त दाबाच्या. दोन्ही बाजू खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त झालाय, कंडेन्सर उष्णता टाकत नाहीये किंवा आत हवा शिरलीय. निळी बाजू वर आणि लाल बाजू खाली, म्हणजे कॉम्प्रेसर दाबच देत नाही. निळा काटा शून्याखाली खेचला जात असेल तर व्हॉल्व्हपाशी अडथळा, कधी कचऱ्याचा तर कधी ओलाव्याच्या बर्फाचा. कॉम्प्रेसर बदला असं कोणी म्हटलं तर त्याला एकच विचारा: लाल-निळ्याचे आकडे काय होते?

पहिला गिअर (बुधवार, रात्री ८.३०)

काका, पाण्याचा प्रयोग केला! गाडी दहा मिनिटं उभी ठेवली, जाळीत २५ अंश. बायकोला आत तापमापकापाशी बसवलं आणि मी समोरून झारीने पाणी ओतायला लागलो. पहिल्या झारीला कंडेन्सरवरून वाफ निघाली. दुसरी झारी संपेपर्यंत तिने आतून ओरडून सांगितलं, "एकोणीस... सतरा... सोळा!" पाणी थांबवलं आणि तीन-चार मिनिटांत परत वीसच्या वर. डोळ्यांदेखत कळलं की दुखणं कुठे आहे.

तुम्ही सांगितलेला प्रश्नही विचारला. पहिल्या एसीवाल्याला आकडे सांगता आले नाहीत. मलाही आठवतंय, दोन्ही वेळा त्याने गेज लावलेलं मी पाहिलंच नव्हतं. उद्या दुसरीकडे चाललोय.

जुना पाना (बुधवार, रात्री ९.०५)

शाब्बास. म्हणजे दोन महिने आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललं होतं. आणखी एक, पाणी ओतूनही १६ वरच अडकलं, आणि रस्त्यावरही १३ च मिळतात, हे मला खटकतंय. दोनदा न मोजता भरलेला गॅस जास्त झाला असणार. फॅन तर करून घ्याच, पण सगळा गॅस बाहेर काढून वजन करायला सांगा. बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा पुढच्या पट्टीवर स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम दोन्ही लिहिलेले असतात. त्याचा फोटो काढून न्या.

व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा ओढून काढणं) किमान अर्धा तास मारू द्या. घाई करणाऱ्याला सांगा की हा वेळ ओलाव्यासाठी आहे: दाब पुरेसा खाली गेला की पाणी २५ अंशालाही उकळतं आणि वाफ होऊन पंपातून निघून जातं. पंप बंद केल्यावर काटा काही मिनिटं जागचा हलला नाही तरच नवा गॅस.

हेडलाइट (बुधवार, रात्री ९.५०)

काका, वर लिहिलेलं वाचून मीही आज बॉनेट उघडलं. कंडेन्सरच्या डाव्या कोपऱ्यात, नळी जोडते तिथे, तळहाताएवढा तेलकट काळा डाग आहे आणि त्यावर धूळ चिकटलीय. हेच का ते भोक?

जुना पाना (बुधवार, रात्री १०.००)

बहुधा तेच. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं. गॅस दिसत नाही, पण गळतो तिथे तेलाचा डाग सोडून जातो. साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे आले तर पक्कं. जॉइंटची ओ-रिंग (रबरी कडी) असेल तर काम किरकोळ. दगड लागून कंडेन्सरची नळीच फुटली असेल तर कंडेन्सर बदला, झाळण लावलेलं फार टिकत नाही. सिस्टिम उघडली की ड्रायरही नवा टाका, तो ओलावा पिऊन भरलेला असतो. गॅस निघून गेला तितकं थोडं तेलही गेलंय, ते भरताना प्रकार बघूनच भरा.

आणि उघड्यावर जॉइंट सैल करून गॅस सोडून देणाऱ्याकडे जाऊ नका. आर-१३४ए वातावरणात गेला की वर्षानुवर्षं राहतो, आणि किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता अडकवतो. याच कारणाने युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत तो बंद झाला आणि आर-१२३४वायएफ आला. दोघांचे सर्व्हिस पोर्ट मुद्दाम वेगळ्या मापाचे केलेत. कोणी अडॅप्टर लावून एकाच्या जागी दुसरा भरू लागला तर हात धरा.

रातराणी (गुरुवार, दुपारी १.१५)

विजेवरच्या गाडीलाही हेच सगळं लागू का?

जुना पाना (गुरुवार, दुपारी २.००)

निदानाची रीत तीच, पण हात लावायचा नाही. तिथे कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, नारिंगी तारा दिसतील. तेलही वेगळं, वीज न वाहणारं. नेहमीचं पीएजी तेल त्यात थोडं जरी गेलं तरी विजेचं इन्सुलेशन कमकुवत होतं. बऱ्याच गाड्यांत हाच एसी बॅटरीही गार ठेवतो, म्हणून दुर्लक्ष नको. प्रशिक्षित माणसाकडेच द्या.

पहिला गिअर (शनिवार, संध्याकाळी ७.२०)

मंडळी, काम झालं. सगळं क्रमाने लिहितो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

नव्या ठिकाणच्या मेकॅनिकने आधी काहीही न काढता दोन्ही गेज लावली. उभ्या गाडीत लाल बाजू ३४० पीएसआय, निळी ६५. मग फॅनचा रेझिस्टर काढून दाखवला. मातीच्या रंगाची कांडी, मधोमध तडा गेलेला आणि आतली तार तुटून काळी पडलेली. मीटर लावलं तर सर्किट पूर्णच होत नव्हतं. नवा बसवल्यावर एसी लावताच फॅन हलक्या आवाजात फिरू लागला. नुसता तो आवाज ऐकून बरं वाटलं.

मग गॅस काढला. स्टिकरवर ४५० ग्रॅम लिहिलंय, मशीनने बाहेर काढला ६३० ग्रॅम! काकांचा अंदाज तंतोतंत. म्हणजे मुळात गॅस कमी नव्हताच. चाळीस मिनिटं व्हॅक्यूम, काटा हलला नाही, कुठे गळती नाही. मोजून ४५० ग्रॅम भरला. नंतरचे आकडे: लाल २१५, निळी ३४. बाहेर तेव्हाही ३४ अंशच होते. कॉम्प्रेसर जुनाच आहे आणि उत्तम चाललाय.

येताना मुद्दाम गर्दीच्या रस्त्याने आलो. सिग्नलला ९ अंश, मोकळ्या रस्त्यावर ६. आईने मागून शाल मागितली.

सांजवात (शनिवार, रात्री ९.१०)

वा, फार छान! माझंही सांगते. फिल्टर काढला तर त्यावर वाळक्या पानांचा थर होता, बदलला. तरी परवाच्या प्रवासात तासाभराने पुन्हा हवा बारीक झाली. एसीचं बटण बंद करून ब्लोअर ठेवला, सात मिनिटांत वारा परत. मग सेन्सर बघायला सांगितला. त्याची चिमटी तुटली होती आणि सुई कॉइलच्या पात्यांतून निसटून बाजूला लोंबकळत होती. कॉइल गोठतेय हे तिला कळणारच कुठून? नवी चिमटी लावून पुन्हा जागेवर टोचली. आज सलग अडीच तास गाडी चालवली, वारा शेवटपर्यंत एकसारखा.

हेडलाइट (रविवार, सकाळी ९.३०)

फेस लावला, बुडबुडे आले. ओ-रिंगच होती, बोटाने दाबली तर तुकडे पडले. उद्या ड्रायरसकट काम करून घेतोय, आणि भरलेल्या गॅसचं वजन बिलावर लिहून मागितलंय.